फुगा नाल्यात पडला

गरिबाच्या पोराला खासगी शाळेत घालायचं तर आधी फुगा नीट लावता यायला हवा. हसू नका. शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के राखीव जागांचा ऑनलाइन अर्ज भरताना नकाशावर लाल फुगा येतो. तो ओढत नेऊन आपल्या घरावर टेकवायचा, मग शाळा किती लांब ते संगणक ठरवतो. सोसायटीत राहणाऱ्याला हे चुटकीसरशी जमेल, पण त्याला हा अर्ज भरायचा नसतो. सायबर कॅफेतला पोरगा विचारतो, "मावशी, घर नेमकं कुठं?" मावशी सांगते, "सार्वजनिक संडासाच्या मागं, किराणावाल्याच्या वरती, माळ्यावर." नकाशाला माळा कळत नाही. मागे रांग खोळंबलेली. पोरगा अंदाजाने फुगा सोडतो आणि तो नाल्यात पडतो. पुढे सोडतीत नंबर लागला, तरी पडताळणीत घर एकीकडे, फुगा दुसरीकडे. प्रवेश रद्द.

फुग्यातून वाचलात तर भाडेकरार. तोही दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला. आता, आर्थिक दुर्बल घटकात बसायचं तर कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत हवं, म्हणजे महिन्याला ८,३३३ रुपये. एवढ्यात मुंबईत खोली भाड्याने घेऊन वर मालकाला नोंदणी कार्यालयात नेणारा बाप सापडलाच, तर पोराचं राहू द्या, त्यालाच अर्थखात्यात घ्या. मुळात मालकाची खोलीच कुठल्या कागदावर नाही. तो करार नोंदवणार कशाचा?

इतकं करूनही काही पोरं आत शिरतातच. म्हणून ९ फेब्रुवारी २०२४ रोजी सरकारने टेप काढली. विनाअनुदानित खासगी शाळेच्या एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी शाळेला या २५ टक्क्यांतून सूट. शहरात ही सूट न मिळणारी शाळा शोधायला बहुधा खाडीत उतरावं लागलं असतं. शेजारी शाळा आहे ना, मग हट्ट कशाला? प्रश्न रास्तच. फक्त फी भरणाऱ्या पालकाला तो कुणी विचारत नाही. त्याच्या पोराची स्कूल बस त्याच पालिका शाळेवरून जाते. त्याच वर्षी जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने हा नियम रद्द केला, ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तोच निकाल कायम ठेवला. टेप कपाटात गेली. फेकून दिल्याचं मात्र ऐकिवात नाही.

संस्थाचालकांचंही एक रडगाणं आहे आणि ते खोटं नाही. सरकार या पोरांच्या फीच्या प्रतिपूर्तीची रक्कम ठरवतं आणि मग ती थकवतं. त्याचा राग कुठेतरी निघायला हवा, तेव्हा फुकटच्या पोराच्या हातात 'उपक्रम शुल्का'ची चिठ्ठी ठेवली जाते.

१९१७ साली शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, तेव्हा पोराला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड होता. आता दंड पाठवू पाहणाऱ्याला आहे: सायबरवाल्याचे पैसे, एजंटाचे पैसे, शिवाय तहसील कचेरीचे खेटे. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी धुण्याभांड्याच्या कामावर खाडे पडतात, मालकीणबाई खाड्याचे पैसे कापतात आणि उत्पन्न आपोआप एक लाखाच्या आत येतं. प्रशासनाच्या या दूरदृष्टीचं कौतुक अजून कुणी कसं केलं नाही, कोण जाणे.