उजेड बघायचा तर आधी दिवे मालवा

कॅथोडोल्युमिनेसन्स हा शब्द न अडखळता म्हणता आला की अर्धं शिक्षण झालं. नाही जमलं तर ‘सीएल’ म्हणा, सगळे तेच म्हणतात. जुन्या डबा टीव्हीत हेच चालायचं: मागून इलेक्ट्रॉन आदळले की काचेमागचा लेप उजळायचा. लेपाच्या जागी तुमचा नमुना ठेवायचा, इतकंच. निळ्या एलईडीचं गॅलियम नायट्राइड घ्या. त्या एलईडीला 2014 चं नोबेल मिळालंय, निदान घरी सांगता येईल.

साध्या सूक्ष्मदर्शकाचं साधारण 200 नॅनोमीटरखाली काही चालत नाही. इथे उजेडातून प्रतिमा उमटवायचीच नसते. इलेक्ट्रॉनांचा झोत कुठल्या बिंदूवर उभा आहे हे यंत्राला ठाऊक असतं. त्या क्षणी आलेला सगळा उजेड त्या बिंदूच्या खात्यावर मांडायचा. वाण्याची वही, दुसरं काही नाही.

आता चुका, क्रमाने. हातमोजे न घालता नमुना उचला. थोड्या वेळाने पडद्यावर सुबक काळा चौकोन दिसेल. शोध लागला म्हणून गाइडकडे धावू नका. बोटाचं तेल झोताखाली कार्बन होऊन बसलंय. मग उजेड वाढावा म्हणून 30 किलोव्होल्ट लावा. उजेड वाढतो खरा, पण इलेक्ट्रॉन आत काही मायक्रोमीटर भटकतात आणि चित्राचा लगदा होतो. 5 किलोव्होल्टवर ते शे-दोनशे नॅनोमीटरमध्येच दमतात.

नमुन्याच्या डोक्यावर, जेमतेम मिलिमीटरभर अंतरावर, भोक पाडलेला पॅराबोलिक आरसा असतो. झोत भोकातून खाली, उजेड आरशावरून बाजूला. स्टेज वर घेताना ‘टक्’ ऐकू आलं तर तो आरसाच. मी ऐकलंय. त्यानंतर आठवडाभर माझ्याशी कुणी बोललं नाही.

आणि इन्फ्रारेडमध्ये देखणं शिखर मिळालं, तर पेपर लिहायला घेण्याआधी चेंबरच्या कॅमेऱ्याचा दिवा बंद करा. माझी एक अख्खी दुपार त्या दिव्याचा वर्णपट काढण्यात गेली.

सगळं जमलं की उजळ पटावर काळे ठिपके दिसतील. ही धूळ नव्हे, हे डिसलोकेशन. तिथे अणूंची ओळ चुकलेली असते, त्यामुळे इलेक्ट्रॉन उजेड न देताच विझतात. 10 मायक्रोमीटरच्या चौकटीत शंभर ठिपके म्हणजे चौरस सेंटिमीटरला दहा कोटी. चहा मागवा आणि मोजायला बसा.