गळतीनाना

येवल्यातल्या कुठल्याही गल्लीत जा, एक गळतीनाना भेटतातच. नोकरीतून सुटलेले, पण पाण्यातून न सुटलेले. खिशात स्क्रू ड्रायव्हर, खडूचा तुकडा आणि पुडीत बांधलेला राणी रंग. पैठणीच्या गावात रंगाला काय तोटा? चहाला आले की कपाआधी भिंतीला हात लावतात. "वहिनी, इथं ओल आहे." वहिनींनी कॅलेंडर तिथंच का टांगलंय, हे आता सगळ्या घराला कळतं.

मीटर असलेल्या गावात गळती बिलावर दिसते. आमच्या गल्लीत पाणीपट्टी वर्षाची ठोक; थेंब गळो की धार, आकडा तोच. त्यामुळे इथं गळती कळते ती मोटारीच्या वीजबिलात, नाहीतर नळ यायच्या आदल्या दिवशी हौदाचा तळ दिसतो तेव्हा. पालखेडच्या डाव्या कालव्याला आवर्तन सुटावं, साठवण तलाव भरावा, पाळी लागून नळाला पाणी यावं आणि ते रात्रीतून जमिनीत मुरावं, हे नानांना सोसत नाही. त्यांचं चुकत काहीच नाही. गल्लीला त्याचाच जास्त राग आहे.

रात्री ते हौदात पाण्याच्या कडेला खडूची रेघ मारून जातात. सकाळी पाणी इंचभर खाली. "सहा बाय पाचचा हौद. एक इंच म्हणजे सत्तर लिटर. झोपेत सत्तर लिटर कोण पितं तुमच्याकडे?" घरातले एकमेकांकडे बघतात. मग फ्लशच्या टाकीत चिमूटभर राणी रंग जातो आणि अर्धा तास कुणी तिकडं फिरकायचं नाही, असा हुकूम सुटतो. पाणी न सोडताच भांडं गुलाबी झालं, तर टाकीतलं रबर गेलं. या अर्ध्या तासात पाहुण्यांची झालेली पंचाईत मी पाहिली आहे, तिचं वर्णन नको.

ठिबकणाऱ्या नळाशी तर ते औषधाचा ड्रॉपर घेऊन बसतात. सेकंदाला एक थेंब, दिवसाला 86,400. वीस थेंबांचा मिलिलिटर धरला तरी सव्वाचार लिटर, "आणि नळाचा थेंब ड्रॉपरपेक्षा जाडजूड असतो, हे विसरू नका!"

संक्रांत झाली की त्यांचा खरा हंगाम. तीन दिवस अख्खं येवला आसाऱ्या घेऊन गच्चीवर असतं. पतंगाकडे बघत मागं सरकणाऱ्याच्या पायाखाली टाकीचा पाइप येणारच. करीच्या दुसऱ्या दिवशी नाना जिन्यात हजर.

एकदा शेजारच्या विणकराच्या मागाच्या खड्ड्यात ओल यायला लागली. पाय खड्ड्यात सोडून दिवसभर बसायचं, वर रेशीम, खाली चिखल. विणकर म्हणे पावसाचं पाणी, महिना मार्चचा. नानांनी पलीकडच्या घरातल्या मोरीत पुडी रिकामी केली. तिसऱ्या प्रहरी खड्ड्याच्या कडेला गुलाबी चिखल. पलीकडे विणकराचा सख्खा भाऊ. मोरी फोडायची कुणी, इथून सुरू झालेलं बोलणं आजोबांच्या वाटणीपर्यंत गेलं. मोरी दुरुस्त झाली. भाऊ अजून बोलत नाहीत. नानांच्या वहीत मात्र या प्रकरणापुढं एवढंच लिहिलं आहे: 'गळती बंद.'

त्यांच्या स्वतःच्या घरात काही गळत नाही. खरं सांगायचं तर काही वाहतही नाही. पाहुण्याला पाणी अर्धा पेला मिळतं, आणि उरलंच तर तुळशीला जातं, तेही काकूंनी नाही, नानांनी घालायचं.

असा माणूस मुंबईला लेकीकडे गेला, कारण तिच्या सोसायटीचं पाण्याचं बिल दुप्पट आलं. मनमाडहून पंचवटीनं, पिशवीत शेव आणि स्क्रू ड्रायव्हर. पहाटे पाणी सुटल्यावर त्यांनी जमिनीखालच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद करवला आणि वॉचमनच्या बॅटरीत मीटर पाहिलं. आत काही जात नाही, तरी बारकी चक्री गरगरतेय! म्हणजे मीटर ते टाकी यांच्या मधला पाइप फुटलेला. सेक्रेटरी पायजम्यावर धावत आले, तेव्हा नाना मीटरसमोर उकिडवे बसून होते. "पाइप राहू द्या हो," म्हणाले, "हे यंत्र केवढ्याला मिळतं?"

येवल्यात उतरल्या उतरल्या त्यांनी नळवाल्याला गाठलं. आपल्या नळाला स्वखर्चानं मीटर पाहिजे. नळवाल्याचं अर्धं घर नानांच्या शोधांवर चालतं, पण या वेळी त्यानं पान्हा खाली ठेवला.

"नाना, पैसे वाया जातील. तुम्ही वापरता तेवढ्या पाण्यानं मीटरची चक्री हलायची नाही."