खड्डा आधी मोठा करणारे आप्पा

डांबरी पार्किंग असलेल्या प्रत्येक सोसायटीत एक आप्पा असतात. ते सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले असतात किंवा झाल्यासारखे वागतात. आमच्या ठाण्याच्या सोसायटीतले आप्पा पहिल्या प्रकारातले, म्हणून जास्त घातक. बाकीची मंडळी सकाळी फिरतात तब्येतीसाठी, आप्पा फिरतात पाहणीसाठी. हातात बारमाही छत्री. तिच्या टोकानं खड्ड्याची खोली बघायची, कडेची खडी उकरायची आणि स्वतःशीच पुटपुटायचं, "स्ट्रिपिंग!" जाता जाता कुणी "काय झालं आप्पा?" विचारलं, की त्याची ८.१२ची लोकल चुकलीच म्हणून समजा.

स्ट्रिपिंग म्हणजे पाणी शिरून खडीवरचं डांबर सुटणं. पण आप्पांच्या मते पाऊस हा नुसता माफीचा साक्षीदार. खरे आरोपी वेगळेच. बी विंगमधला तरुण गाडी जागच्या जागी उभी ठेवून स्टिअरिंग गरागरा फिरवतो, त्यानं वरचा थर खरवडला जातो. तळमजल्यावरच्यांच्या स्कूटरमधून ऑइल ठिबकतं, त्यानं डांबर विरघळतं. रोज बादल्या ओतून गाड्या धुणारे आहेत. मे महिन्यात येणारे पाण्याचे टँकर आहेत. थोडक्यात, मेंटेनन्स भरणारा प्रत्येक सभासद आप्पांच्या वहीत संशयित आहे.

आप्पांचा खरा सीझन म्हणजे वार्षिक सर्वसाधारण सभा. ती ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते. सभेला गणपूर्ती होत नाही आणि सभा अर्धा तास तहकूब होते. तो अर्धा तास आप्पांच्या मालकीचा. १९२७ साली बॅरिस्टर जयकरांच्या अध्यक्षतेखाली रस्त्यांसाठी समिती नेमली गेली, तिथून ते सुरुवात करतात. १९३४च्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या स्थापनेपर्यंत येतात तोवर सभा पुन्हा सुरू झालेली असते, पण ते कुणी आप्पांना सांगत नाही. मग खर्च दुरुस्ती निधीतून की सिंकिंग फंडातून, यावर दोन विंगांची जुंपते. शेवटी चहा, वेफर्स आणि "पुढच्या सभेत बघू".

दुरुस्तीची आमच्या कमिटीची पद्धत सोपी. पाऊस जरा उघडला की ठेकेदाराचा टेम्पो येतो. साचलेल्या पाण्यासकट खड्ड्यात माल ओततात, फावड्याच्या पाठीनं दोनदा थोपटतात, वर कच भुरभुरतात आणि बिल देतात.

आप्पांची पद्धत "आधी खड्डा मोठा करा" इथून सुरू होते. घट्ट भाग लागेपर्यंत चौकोनी कापायचं, कडा उभ्या ठेवायच्या. सुटी खडी काढायची, झाडायचं, वाळवायचं. तळाला आणि कडांना इमल्शनचा पातळ हात द्यायचा. मग गरम माल थराथरानं भरायचा आणि प्रत्येक थर धुम्मसनं ठोकायचा. वरचा थर किंचित उंच ठेवायचा, चाकांखाली तो दबतोच. शेवटी सांध्यावर डांबर फिरवायचं.

"आप्पा, पैसे खड्डा बुजवायला दिलेत," सेक्रेटरी कळवळून म्हणाले.

"दाताचा डॉक्टर सिमेंट भरण्याआधी काय करतो? कोरतोच ना?"

यात चूक काढायला जागा नाही. पंचाईत एवढीच, की आप्पा हाच नियम आयुष्यालाही लावतात. जिन्यातला एक दिवा गेला की त्यांना अख्खं वायरिंग उकरायचं असतं. दोन सभासदांत स्कूटर लावण्यावरून बाचाबाची झाली, तर आप्पा मध्ये पडतात आणि घट्ट जमीन लागेपर्यंत मागची भांडणं खणून काढतात. "कच्चं सगळं बाहेर आल्याशिवाय भराव टिकत नाही!" परवा काकूंना विचारलं, "आमटी कशी झाली असं आप्पांना कधी विचारता का?" त्या म्हणाल्या, "लग्नानंतर एकदा विचारलं होतं."

यंदा मे महिन्यात कमिटीनं तोड काढली. चार खड्डे ठेकेदाराला, गेटजवळचा एक आप्पांना. ठेकेदाराचे चार खड्डे जेवणाच्या सुट्टीआधी उरकले. आप्पांच्या एका खड्ड्याला दोन माणसं आणि पूर्ण दिवस लागला. ताडपत्रीखालून आलेल्या मालात त्यांनी थर्मामीटर खुपसला आणि थंड झालेलं घमेलं परत पाठवलं. संध्याकाळी स्वतः खुर्ची टाकून राखणीला बसले. गाड्या बाहेर लावायला लागल्या म्हणून त्यांच्याविरुद्ध लेखी तक्रारी आल्या. आप्पांनी त्या फाइलला लावल्या.

गणपती येईतो ठेकेदाराचे चारही खड्डे माहेरपणाला आल्यासारखे परतले, अंगानं भरून. गेटजवळचा चौकोन मात्र जिथल्या तिथे आहे. त्यावर पाणी साचत नाही, सांधा उघडलेला नाही. सभेत आप्पांनी लेखी अहवाल वाचला. पाने अकरा.

तुमच्याही सोसायटीत असे एक आप्पा असणारच. त्यांना माईक देऊ नका, कमिटीवर तर मुळीच घेऊ नका. पण पावसाळ्याआधी दोन माणसं आणि एक धुम्मस त्यांच्या हवाली करा, आणि त्या दिवशी आपली गाडी गुपचूप बाहेर लावा.