नवचालकाने मालक कसा पारखावा: एक प्रास्ताविक विवेचन

ज्याच्या खिशात जड मालवाहू वाहनाचा परवाना आहे, परंतु ज्याच्या हाती आपली गाडी सोपवण्यास अद्याप कोणीही धजावलेले नाही, अशा व्यक्तीस प्रस्तुत विवेचनात ‘नवचालक’ असे संबोधले आहे. हा परवाना मिळवण्याची वाट १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने आखून दिलेली आहे: वयाची वीस वर्षे पूर्ण असावीत, हलक्या वाहनाचा परवाना किमान वर्षभर जुना असावा, आणि त्यानंतर मोटार ट्रेनिंग स्कूलचे प्रमाणपत्र जोडून परीक्षा द्यावी. पूर्वी यासाठी आठवी उत्तीर्ण असणेही आवश्यक होते. २०१९ मध्ये केंद्र सरकारने ती अट काढून टाकली, त्यामुळे या व्यवसायास शिक्षणाची गरज नाही असा समज काही ठिकाणी पसरला, परंतु पुढे येणारे पगाराचे गणित पाहता पदवीधरानेही शिकवणी लावावी अशीच परिस्थिती आहे. ज्याला साडेसात टनांपर्यंत एकूण वजनाच्या गाडीवरच समाधान आहे, त्याला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये हलक्या वाहनाच्या परवान्यावरच मोकळीक दिली असल्याने, त्याने हे विवेचन वाचले नाही तरी चालेल.

पुणे परिसर या अभ्यासास विशेष अनुकूल आहे. पिंपरीत ट्रक तयार होतात, आकुर्डीच्या कारखान्याने तर ‘टेम्पो’ हा शब्दच घरोघर पोहोचवला, भोसरीला केंद्रीय मार्ग परिवहन संस्था १९६७ पासून रस्तावाहतुकीचे संशोधन करीत आहे, आणि तरीही या सगळ्याच्या मधोमध उभ्या असलेल्या तरुणाला नोकरीसाठी विचारला जाणारा पहिला प्रश्न असतो, ‘अनुभव किती?’ कंपनी अनुभवाशिवाय गाडी देत नाही आणि गाडीशिवाय अनुभव येत नाही, या अवस्थेला न्यायशास्त्रात अन्योन्याश्रय दोष म्हणतात. नैयायिकांनी हा दोष दाखवून दिला, पण त्यातून सुटण्याचा उपाय त्यांना सुचला नाही. तो निगडीच्या ट्रान्सपोर्टनगराने शोधला, आणि त्याचे नाव ‘मामाची ओळख’. ज्याला मामा नाही त्याने दोन वर्षे क्लीनर म्हणून राहावे, म्हणजे गाडी धुवावी, ताडपत्री बांधावी, मागे घेताना ‘आन दे, आन दे’ असे ओरडावे आणि उस्ताद झोपला असता अंगणाएवढ्या मोकळ्या जागेत गाडी पुढेमागे करून पाहावी. ही गुरुकुल पद्धत आता लोप पावत चालली आहे, कारण क्लीनरचा पगार वाचवता येतो हे मालकांच्या लक्षात आले आहे.

असे असले तरी निवडीचा अधिकार आपल्याकडे आहे, असे नवचालकाने गृहीत धरावे. शास्त्र गृहीतकांवरच उभे राहते. निवडीयोग्य मालकांचे स्थूलमानाने तीन वर्ग आढळतात. पहिला एकगाडी मालक, जो बहुधा स्वतः निवृत्त चालक असतो, ज्याच्या गाडीवर फायनान्सचा हप्ता असतो आणि जो नवचालकाच्या शेजारी बसून पहिल्या खेपेत प्रत्येक वळणाला स्वतःचा उजवा पाय अस्तित्वात नसलेल्या ब्रेकवर दाबतो. तिसरा चाकण-रांजणगाव पट्ट्यातील कारखान्यांशी करार असलेला मोठा ताफेवाला, ज्याच्याकडे गणवेश, सेफ्टी शूज, जीपीएस आणि मनुष्यबळ विभाग असतो. तो पगार वेळेवर देतो, परंतु वर सांगितलेला दोष त्याच्याच दारात सर्वाधिक तीव्र असल्याने तेथे नवचालकाची गाठ प्रामुख्याने वॉचमनशी पडते.

अभ्यासाच्या दृष्टीने खरा समृद्ध वर्ग दुसरा, म्हणजे गाळेवाला. याच्या फलकावर ‘ट्रान्सपोर्ट’ हा शब्द ठळक असतो, खाली भारतातील निम्म्या शहरांची नावे असतात, आणि मालकीची गाडी मात्र एकही नसण्याची शक्यता असते, कारण तो मुळात कमिशन एजंट असून एकाचा माल दुसऱ्याच्या गाडीत घालून देणे हा त्याचा व्यवसाय असतो. त्याची संपत्ती म्हणजे दोन मोबाइल आणि बिल्टी-पुस्तक. बिल्टी म्हणजे कोणी, कोणाला, कोठून कोठे, किती नग माल पाठवला याची ट्रान्सपोर्टने फाडलेली पावती. तिची एक प्रत माल घेणाऱ्याच्या सही-शिक्क्यानिशी परत आली की तिला ‘पोच’ म्हणतात, आणि पोच आल्याखेरीज उरलेले भाडे सुटत नाही. सबब नवचालकाने पहिल्या दिवसापासून पोच ही जन्मदाखल्यापेक्षा जपून ठेवावी. जन्मदाखल्याची नक्कल महानगरपालिका देते.

मुलाखत साधारणपणे पुढीलप्रमाणे होते. शेठ मोबाइलवर बोलत असतात. बोलता बोलताच ते हाताने ‘बस’ असे सुचवतात आणि खुर्चीवर आधीपासून दोरीचे वेटोळे ठेवलेले असते. ‘घाट केलाय का रे कधी?’ असा प्रश्न येतो, त्यावर ‘हो शेठ, खंबाटकी, बोर घाट सगळे’ असे उत्तर द्यायची प्रथा आहे. ते क्लीनरच्या बाजूने केले होते की स्टेअरिंगच्या, हा तपशील सहसा विचारला जात नाही. त्यानंतर शेठ ‘आपल्याकडे घरच्यासारखं आहे’ असे म्हणतात. या वाक्याचा व्यवहारातील अर्थ कामाचे तास ठरलेले नाहीत असा असून, ‘पगाराचं आपण बघू’ हे त्याला जोडून आलेले वाक्य पगारही ठरलेला नाही असे स्पष्ट करते. अनेक भारतीय दर्शनांनी शब्द हे प्रमाण मानले आहे, परंतु ट्रान्सपोर्टनगरात ते फक्त भाड्याच्या बाबतीत मानतात. नोकरीच्या बाबतीत प्रत्यक्ष प्रमाणाकडे, म्हणजे गाडीकडे, वळावे लागते.

गाडी पाहताना केबिनमधील देवाच्या तसबिरीने भारावून जाऊ नये, तसेच मागील फळीवर रंगवलेल्या आईवडिलांच्या आशीर्वादावरून देखभालीचे अनुमान काढू नये. इंजिन सुरू करून हवेच्या दाबाचा काटा वर चढेपर्यंत आणि इशाऱ्याचा भोंगा बंद होईपर्यंत थांबावे. मग इंजिन बंद करून ब्रेकचे पेडल दाबून धरावे आणि काट्याकडे पाहत राहावे. जड वाहनाचे ब्रेक दाबलेल्या हवेवर चालतात, तेव्हा काटा भराभर खाली येऊ लागला तर कोठेतरी गळती आहे हे उघड होते, आणि ‘तेवढं चालतं’ असे कोणी म्हणाल्यास तो गृहस्थ स्वतः ती गाडी घेऊन बोर घाट उतरणार आहे काय, एवढे नम्रपणे विचारावे. टायरवरून तळहात फिरवावा, स्टेपनी आहे काय आणि असल्यास तिच्यात हवा आहे काय हे पाहावे, ताडपत्री उलगडून आभाळाकडे धरावी. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम व जड मालवाहू गाड्यांना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली आहे. मात्र नवचालकाच्या वाट्याला येणारी गाडी या तारखेच्या पुष्कळ आधी जन्मलेली असल्याने त्याने पंखा फिरतो काय, एवढेच पाहावे.

आता पगार. तो तीन भागांत विभागलेला असतो: मासिक रक्कम, खेपेचा भत्ता आणि ‘अॅव्हरेज’. पैकी अॅव्हरेज हे या शास्त्राचे सर्वांत सूक्ष्म अंग होय. एक लिटर डिझेलमध्ये गाडी किती किलोमीटर गेली पाहिजे हे कार्यालयात बसून ठरवले जाते. गाडी त्याहून कमी गेली तर जास्तीच्या डिझेलचे पैसे चालकाच्या खात्यातून वळते होतात आणि जास्त गेली तर वाचलेल्या डिझेलचा काही वाटा त्याला मिळतो. आकडा ठरवताना गाडी रिकामी होती की भरलेली, रस्ता नगरचा होता की कोकणातला, आणि वाघोलीत ती किती वेळ एकाच जागी धुमसत उभी होती, या क्षुल्लक बाबी विचारात घेतल्या जात नाहीत. याचा परिणाम पाहायचा असल्यास नव्या कात्रज बोगद्यातून बाहेर पडून नवले पुलाकडे उतरणारा बाह्यवळण मार्ग पाहावा. तेथील लांबलचक उतारावर गाडी न्यूट्रल केली, किंवा त्याहून धाडस म्हणजे इंजिनच बंद केले, तर थोडे डिझेल वाचते असा समज आहे. परंतु न्यूट्रलमध्ये इंजिनाचा रोध नाहीसा होऊन सगळा भार ब्रेकवर येतो आणि ते तापून निकामी होऊ लागतात. इंजिन बंद असेल तर हवा भरणारा कॉम्प्रेसरही थांबतो आणि पॉवर स्टेअरिंग जड होते. नवले पुलाजवळ अपघात झाला की वर्तमानपत्रे चालकाचा बेदरकारपणा शोधतात. अॅव्हरेजचा आकडा ज्या वहीत लिहिला होता ती वही पंचनाम्यात येत नाही. म्हणून कंपनी पारखताना ‘शेठ, अॅव्हरेज किती धरता?’ हा प्रश्न पगाराच्या आधी विचारावा, आणि आकडा ऐकून आधीचा चालक का गेला हे मनाशी ताडावे.

तथापि नवचालकाने हे ध्यानात घ्यावे की वाहतूक या व्यवसायात गाडी चालवणे हा गौण भाग असून थांबणे हा मुख्य भाग आहे. गाडी कारखान्याच्या दारात थांबते, वजनकाट्यावर थांबते, दिवसा शहरात जड वाहनांना बंदी म्हणून शहराच्या वेशीवर थांबते, न्हावाशेवा बंदराबाहेर कंटेनरच्या रांगेत थांबते, आणि माल उतरून झाल्यावर परतीचे भाडे मिळेपर्यंत परगावी थांबते. या थांबण्याला ‘हॉल्टिंग’ म्हणतात आणि त्याचे पैसे कोणाला मिळतात यावर संपूर्ण कंपनीची पारख होते. माल पाठवणारा ते ट्रान्सपोर्टला देत नाही, दिले तर ट्रान्सपोर्ट ते मालकाला सांगत नाही, कळले तर मालक ते चालकाला देत नाही, असा हा क्रम आहे. ज्या कंपनीत यातील शेवटची पायरी मोडलेली आढळेल ती कंपनी नवचालकाने डोळे झाकून स्वीकारावी. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने पाच किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांत दिवसाचे आठ तास ठरवून दिले होते आणि त्याची जागा घेणाऱ्या श्रमसंहितेनेही आठाचा आकडा कायम ठेवला आहे. तो दिवसाचा आकडा असल्याने रात्रीस लागू नाही, असे अनेक गाळ्यांतील भाष्यकारांचे मत दिसते.

थांबण्याच्या काळातच ‘वाराई’ उपस्थित होते. माल भरताना किंवा उतरवताना गाडीवाल्याकडून घेतली जाणारी ही रक्कम असून, ती का द्यायची याचे उत्तर प्रत्येक गोदामात निराळे मिळते. ‘ज्याचा माल, त्याचा हमाल’ अशी मागणी वाहतूकदार संघटना वर्षानुवर्षे करीत आल्या आहेत आणि ती न्याय्यही वाटते. यात हमालाला दोष देण्याचे कारण नाही, तोही गाडीवाल्याइतकाच पाठीवर जगतो. प्रश्न एवढाच की नवचालकाने खिशातून दिलेली वाराई कार्यालयात हिशेबाला धरली जाते काय. याचे खरे उत्तर शेठकडे नसून त्याच्या जुन्या चालकांकडे असते, आणि ते मार्केट यार्डाबाहेर चहाच्या टपरीवर किंवा हमाल पंचायतीच्या ‘कष्टाची भाकर’ केंद्रात शेजारी बसून जेवल्यास विनामूल्य मिळते. जेवणाचे पैसे मात्र नवचालकाने द्यावेत. संशोधनाला खर्च येतोच.

दंडाविषयी थोडक्यात. क्षमतेपेक्षा अधिक माल भरल्यास २०१९ च्या सुधारणेनुसार वीस हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे दोन हजार रुपये दंड आहे, शिवाय जादा माल तेथेच उतरवावा लागतो. कायदा चालवणाऱ्यालाही धरतो आणि चालवायला लावणाऱ्यालाही, परंतु वजनकाट्याजवळ त्या दोघांपैकी एकच जण हजर असतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ पासून कॅमेऱ्यांची यंत्रणा बसली असून ई-चलन मालकाच्या मोबाइलवर जाते आणि तेथून पगाराच्या दिवशी चालकाकडे येते. लेन तोडल्याचा दंड चालकाने भरणे योग्यच. पण मागचा दिवा बंद असल्याचा दंडही त्याच्याच नावे पडत असेल, तर दिवा कोणाचा, हा प्रश्न उपस्थित करावा.

शेवटी उचल आणि परवाना. ‘उचल’ म्हणजे पगारापोटी आगाऊ घेतलेली रक्कम. ती शेठ पहिल्याच दिवशी आपणहून, मोठ्या मायेने देऊ करतात, कारण उचल फिटेपर्यंत चालक दुसरीकडे जात नाही आणि फिटत आली की दिवाळी येते. तिच्या मोबदल्यात मूळ परवाना कार्यालयात जमा करण्याची सूचना झाल्यास नवचालकाने अत्यंत आदराने नकार द्यावा आणि परवाना मालकाच्या कपाटात ठेवायचा नसून जवळ बाळगायचा असतो, असे सांगावे. यावर शेठ ‘मग उद्या ये’ म्हणाले तर जाऊ नये. ‘बरं, नऊला ये, गाडी भरून उभी आहे’ म्हणाले तर जावे, परंतु साडेआठला पोहोचून आधी बिल्टीवरचे नग आणि गाडीतले नग स्वतः मोजून घ्यावेत, मग टायर ठोकून पाहावेत, आणि गाडी भरून उभी याचा अर्थ ती अजून भरायची आहे असा असल्याने, जेवूनच निघावे.