दोन बोटं उजवीकडं

निवडणुकीची आचारसंहिता लागली की परवानाधारकांना बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायला सांगतात. शेतीच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक बाळगणारे मुकाट जातात, पावती घेतात आणि परत येतात. नेमबाज तात्याही जातात. त्यांच्या बंदुकीला परवाना लागतच नाही. साधी हवेची बंदूक, ०.१७७ बोअरची, जोर २० ज्यूलच्या आतला. तरी तात्या ती जुन्या चादरीत गुंडाळून ठाण्यात नेतात, टेबलावर ठेवतात आणि पावती मागतात. हवालदार दर वेळी तेच सांगतो, "तात्या, घरी घेऊन जा." तात्या खट्टू होऊन परततात. लोकसभा, विधानसभा, झेडपी, ग्रामपंचायत. लोकशाहीनं या माणसाचा इतका वारंवार अपमान करायला नको होता.

असे तात्या किन्हवलीला आहेत, सरळगावला आहेत, टोकावड्यालाही आहेत. कुणी निवृत्त मास्तर, कुणी एसटीतला जुना कंडक्टर, कुणाचं खताचं दुकान. बंदूक मात्र एकाच वाणाची. नळी मोडायची, छर्रा भरायचा, नळी खटकन बसवायची, मागची खाच आणि पुढची माशी एका रेषेत आणायची, अर्धा श्वास सोडायचा आणि चाप दाबायचा. "ओढायचा नाही, दाबायचा!" हे तात्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की काकू आता मिक्सरचं बटणसुद्धा श्वास रोखून दाबतात. बंदुकीत फेरफार म्हणाल तर शून्य. दुर्बीण नाही, पट्टा नाही, दस्त्यावरचा ओरखडा तेवढा नातवानं काढलेला. वॉशर दोनदा बदललाय, पण ते तात्या फेरफार धरत नाहीत, ते औषधपाणी.

तात्यांचं सगळं शास्त्र कॉलेजातल्या एनसीसीचं. तिथं पॉइंट टू-टू रायफल घेऊन पालथं पडायचं आणि २५ मीटरवरच्या कागदावर पाच गोळ्या झाडायच्या. नवख्या कॅडेटकडून कुणी मध्यावर मारण्याची अपेक्षा करत नाही. पाचही गोळ्या एकमेकींच्या जवळ पडल्या की झालं. त्याला म्हणतात ग्रुपिंग. पाचही भोकं एका जागी, पण मध्यापासून लांब असली तर दोष बंदुकीचा, तो माशी सरकवून जातो. पाच भोकं पाच दिशांना असली तर दोष माणसाचा, आणि माणसाला सरकवायला माशी नसते. तात्यांनी पुढचं आयुष्य याच मापानं मोजलं. लग्नाच्या बैठकीत मुलाकडच्या पाच जणांनी पाच वेगवेगळे पगार सांगितले तेव्हा तात्या उठले आणि म्हणाले, "ग्रुपिंग नाही." काकूंच्या पाचही भाकऱ्या एकाच जागी करपल्या तेव्हा मात्र त्यांनी ताट उचलून शेजाऱ्यांना दाखवलं.

पाखरावर ते कधी नेम धरत नाहीत. तानसा अभयारण्याच्या आसपास राहणाऱ्याला १९७२ चा वन्यजीव कायदा माहीत असतोच, पण तात्यांचं कारण वेगळं: पाखरू एका जागी पाच छर्रे थांबत नाही. म्हणून पत्र्याचे डबे, सोड्याची झाकणं आणि मागं मातीचा जाड बांध. वाडीवरचा एखादा कातकरी पोरगा बेचकीतून खडा मारून तेच झाकण चालता चालता उडवतो. त्या वेळी तात्या डबीतले छर्रे मोजायला घेतात आणि ते मोजून होईपर्यंत पोरगा लांब गेलेला असतो.

१ ऑगस्ट २०२४ ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचं कांस्यपदक जिंकलं. गुडघा टेकून, पालथं पडून आणि उभ्यानं, असे तीन प्रकार. ५० मीटरवरचं दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. हे समजावताना तात्यांनी प्रात्यक्षिकासाठी तोडलेली बटणं काकू अजून लावतायत. पण तात्यांना खरं वेड लावलं ते दुसऱ्याच गोष्टीनं: हा पोरगा मध्य रेल्वेत टीसी होता! तेव्हापासून कसारा लोकलमध्ये टीसी चढला की तात्या तिकीट काढून दाखवण्याआधी त्याचा हात थरथरतो का ते बघतात. आसनगावला एकाला त्यांनी सरळ विचारलं, "आपली पोझिशन कुठली?"

"आमची काय, दिवसभर उभीच."

"तीच सगळ्यात अवघड," तात्या म्हणाले आणि आदरानं सरकून त्याला जागा करून दिली.

मुरबाडकडं फार्महाऊसं वाढली तसे बंदुकीचे नवे शौकीनही आले. एका साहेबांची बंदूक सिलिंडरमधल्या हवेवर चालायची. वर दुर्बीण, पुढं दोन पाय, पातळी बघायला पाण्याचा बुडबुडा. त्यांनी तात्यांना मुद्दाम बोलावून घेतलं. दहा छर्रे झाडले, दहाही मध्यावर. तात्यांनी चहा संपवला, कप खाली ठेवला आणि मनापासून काळजीनं विचारलं, "मग आता पुढं काय करणार?" साहेबांकडं उत्तर नव्हतं. मला विचाराल तर त्या बंदुकीच्या किमतीत बसेल असं उत्तर नव्हतंच.

तात्यांचं खरं मैदान म्हणजे म्हसा. पौष पौर्णिमेला म्हसोबाची जत्रा भरते. लोक बैल बघायला येतात, घोंगड्या घ्यायला येतात. तात्या माळशेज उतरून येणाऱ्या फुगेवाल्यासाठी येतात. त्याच्या बंदुकीचा सांधा ढिला, माशी वाकडी, छर्रा डावीकडं पळतो. हे त्याला ठाऊक आणि गिऱ्हाइकाला ठाऊक नाही, एवढंच त्याचं भांडवल. तात्यांनी पहिल्याच वर्षी एक छर्रा मुद्दाम फळीत घालून भोक तपासलं आणि निकाल दिला: दोन बोटं उजवीकडं, अर्धं बोट खाली. मग फुग्यांची अख्खी रांग खलास. वर बघ्या पोरांना हा हिशेब फुकट वाटायचा, हे तर फुगेवाल्याला फुग्यांपेक्षा महाग पडायचं.

शेवटी एका साली तो बंदूक दुरुस्त करून घेऊन आला. सांधा घट्ट, माशी सरळ. तात्यांना आता तपासायची गरज वाटत नव्हती. एक लाल फुगा निवडला, दोन बोटं उजवीकडं, अर्धं बोट खाली. फळी. पुन्हा फळी. दहाच्या दहा छर्रे फळीत. मागं पोरं खिदळायला लागली. तात्या शांतपणे दोरी ओलांडून आत गेले, फळीवर रुपया ठेवून पाहिला. दहाही भोकं त्याखाली झाकली गेली.

"ग्रुपिंग बघ!"

"तात्या, फुगा शाबूत आहे."

"फुगा टाचणीनंही फुटतो. बंदूक बिघडवलीस तू!"

फुगेवाला वाद घालायच्या मनःस्थितीत नव्हता. सकाळपासून सातवी-आठवीतली पोरं धडाधड फुगे फोडून बक्षिसाचे स्टीलचे डबे घेऊन चालली होती आणि दुपारच्या आत गाडी निम्मी रिकामी झाली होती. त्यानं पेटी उघडून पक्कड काढली, बंदूक मांडीवर घेतली आणि खालच्या आवाजात विचारलं,

"तात्या, पहिली किती वाकडी होती?"