गुलाबाची गोडी छाटणी

नाशिकला मोगल गुलशनाबाद म्हणत, हे आमच्या कॉलनीत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. त्यामुळे इथे ज्याच्या दारात चार फूट माती आहे तो गुलाब लावतो, आणि ज्याच्या दारात नाही तो शेजारच्या गुलाबाबद्दल सल्ले देतो. माझ्या दारात माती आहे.

यातले निम्मे सल्ले थेट स्वयंपाकघरातून येतात. चहाचा चोथा घाला, केळ्याच्या साली पुरा, तांदळाचं धुवण ओता, आंबट ताक शिंपडा. एका काकूंनी कांद्याच्या सालींचं पाणी सुचवलं, तेव्हापासून कुंपणाजवळून जाणाऱ्यांना आमच्याकडे भजी चालली आहेत असं वाटतं. चोथ्यातली साखर आधी धुवायची असते, हे मात्र कोणी सांगत नाही. ते मुंग्या सांगतात.

खरा पेच पडला तो हाडांच्या चुऱ्याचा. गुलाबाला स्फुरद लागतं, ते या चुऱ्यातून सावकाश, पुरवून पुरवून मिळतं. आमच्या घरी चातुर्मासात कांदा-लसूणसुद्धा बंद असतो (कांद्याच्या साली तेव्हा शेजारून येतात). आईने नर्सरीवाल्याला विचारलं, "हाडं? कसली?" तो प्रामाणिक माणूस. म्हणाला, "जनावरांची, मावशी." पिशवीने घराचा उंबरा कधीच ओलांडला नाही. तिची सोय बागेतल्या नळामागे झाली. पण त्या झाडाचं फूल देवाला चालेल का? बऱ्याच चर्चेनंतर तोडगा निघाला. पांढरा गुलाब निंबोळी पेंडीवर राहील, तो देवाचा. लाल गुलाब बोनमीलवर, तो फ्लॉवरपॉटचा. लाल जास्त फुलतो, पण हा विषय घरात कोणी काढत नाही.

किडींचं त्या मानाने बरं असतं, त्या सल्ले देत नाहीत. थंडीत कोवळ्या शेंड्यांवर हिरवा मावा बसतो, पाण्याचा जोरात फवारा मारला की बराचसा धुऊन जातो. उरलेला ढालकिडे खातात. त्या लाल गोंडस किड्याचं सगळे कौतुक करतात, पण त्याची अळी काळी, खरखरीत, नारिंगी ठिपक्यांची आणि चेहऱ्याने सराईत गुंड. मावा फस्त करण्यात तीही कमी नाही. समोरचे नाना तिला दिसेल तिथे चपलेने मारतात आणि मग मावा फार वाढलाय म्हणून माझ्याकडे औषध मागायला येतात.

पण गुलाब ज्यावर जगतो ती गोष्ट एकच, कात्री. ती आमच्याकडे निफाडहून येते, मामाबरोबर. मामा द्राक्षवाला. वर्षाच्या दोन छाटण्या त्याच्या अंगात मुरलेल्या: एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी. पाऊस उघडला की आपल्या बागेचं काम उरकून तो आमच्या गुलाबांवर येतो. ज्याची पेटी भरून बाजारात नेता येत नाही अशा झाडाबद्दल त्याला दयामाया नाही.

"अरे, कळी आहे तिला!" आई म्हणते.

"कळीच बघायची तर छाटायचं कशाला, अक्का? कॅलेंडर लाव."

मग तो उकिडवा बसतो. एक फांदी दोन बोटांत धरून वर-खाली फिरवतो आणि बाहेरच्या बाजूला तोंड असलेला डोळा शोधतो. त्याच्या पाव इंच वर, डोळ्याच्या उलट बाजूला उतरता, तिरका काप. पाणी साचत नाही, आणि नवी फूट बाहेर गेली की झाडाच्या पोटात हवा खेळते, भुरी कमी येते. कापलेल्या जागी गाभा पांढरा दिसला तर ठीक, तपकिरी दिसला तर आणखी खाली. टोकांना बोर्डो पेस्ट. आई त्यावर हळदही लावते, मामा बघून न बघितल्यासारखं करतो. शेवटी तो बुंध्याशी वाकतो. डोळा भरलेल्या जागेच्या खालून आलेली, सगळ्यात तरारलेली फूट, जिच्यावर आईचा जीव, ती उपटून टाकतो. ती खालच्या जंगली खुंटाची असते. सात पानांची ती जंगली, असं नर्सरीवाले सांगतात, पण ती खूण दर वेळी खरी ठरत नाही. फूट कुठून निघाली ते बघावं. संध्याकाळी बागेत दीड-दीड फुटांचे दांडके उभे असतात आणि घरात सुतक असल्यासारखी शांतता.

त्यातून दिवाळी तोंडावर. पाहुणे विचारतात, "झाडं गेली वाटतं?"

मामाचं ऐकणं ज्यांना कमीपणाचं वाटतं त्यांनी डॉ. बी. पी. पाल यांचं 'द रोझ इन इंडिया' वाचावं. १९६६ सालचं आहे. भारतीय कृषी संशोधन परिषदेचे पहिले महासंचालक, गव्हाच्या तांबेऱ्यावर आयुष्य घालवलेला हा माणूस उरलेल्या वेळात गुलाबाच्या नव्या जाती काढत होता. 'बंजारन' त्यांचीच, 'डॉ. होमी भाभा'ही त्यांचीच. त्यांनी लग्न केलं नव्हतं, त्यामुळे छाटणीच्या वेळी त्यांना अडवणारं घरात कोणी नसावं.

छाटणीनंतर साधारण सहा-सात आठवड्यांनी फुलं येतात, आणि फुलांपाठोपाठ पहाटे फिरायला जाणारे. एका हातात काठी, दुसऱ्या हातात प्लॅस्टिकची पिशवी, ओठांवर स्तोत्र. त्यांना माझी हात जोडून विनंती आहे: पांढरी फुलं न्या, लाल नेऊ नका, का ते देवासमोर विचारू नका. फूल ओरबाडू नका, कारण फांदीची साल सोलली जाते आणि शेंडा वाळत जातो. देठ खाली धरा, पाच पानांचं पान बघा आणि त्याच्या वर तिरका काप द्या. कात्री फाटकाला सुतळीने बांधून ठेवली आहे. ती मात्र नेऊ नका, मामाची आहे.