नवरदेवाच्या मामांना जागरणाची पावती

माननीय मामासाहेबांस,


मंगळवारची हळद दणक्यात झाली. नवरदेवापेक्षा आमच्या खिडक्यांची तावदानं जास्त नाचली. पत्रिकेत ‘आहेर आणू नये’ असं छापून आपण गल्लीतल्या प्रत्येकाची झोप मात्र घरपोच वसूल केलीत, याचं कौतुक वाटलं.

रात्री 10 ते सकाळी 6 स्पीकर बंद, हा 2000 सालचा नियम आपल्या कानी आला नसणार. कसा येईल? शेजारी डीजे होता. निवासी भागात रात्रीची मर्यादा 45 डेसिबल. तेवढ्यात हळू आवाजातलं बोलणं बसतं, आपलं नव्हे. कोणीतरी 112 ला फोन केला, गाडी आली, आवाज उतरला. गाडी कोपऱ्यावरून वळली आणि ‘वन्स मोअर’ झाला.

सकाळी आपण म्हणालात, “एका रात्रीनं काय होतं? रविवारी काढा झोपून!” आपल्या बाजूचा पुरावा मीच देतो. 1964 साली अमेरिकेत रँडी गार्डनर नावाचा सतरा वर्षांचा मुलगा 264 तास जागा राहिला आणि नंतर पहिल्या खेपेला साधारण 14 तासच झोपला. शरीर तासाला तास मागत नाही. आधी गाढ झोप भरून घेतं. पण मामा, त्याला दुसऱ्या दिवशी सकाळची ड्युटी नव्हती. आमच्या मजल्यावरच्या सिस्टरना होती. पेंगत इंजेक्शन भरायचं, की रविवारपर्यंत पेशंटला थांबवायचं?

शिवाय रविवारी दुपारपर्यंत लोळलं की शरीराचं घड्याळ मागे पडतं, रात्री डोळा लागत नाही, आणि सोमवार पुन्हा तारवटलेला. म्हणून नेहमीच्याच वेळी उठायचं, सकाळचं ऊन घ्यायचं, दुपारी वीसेक मिनिटं डुलकी, रात्री जरा लवकर अंथरूण. संध्याकाळचा चहाही बंद, कारण त्यातलं निम्मं कॅफिन पाचेक तासांनीही अंगात असतं. नाचलात आपण, पथ्य आमच्याकडे. वाटणी छान आहे.

लग्नानंतर खंडोबाचं जागरण असेलच. दिमडी-तुणतुणं असेल तर बोलवा, पहाटेपर्यंत बसेन, हौसेनं. स्पीकरची भिंत असेल तर तारीख आधी कळवा. सिस्टरना रजेचा अर्ज टाकायचा आहे.

आपला,
समोरच्या इमारतीतला